स्वखुशीनं

अमेरिकेत असताना मी पावणेदोन वर्षं अश्लील फोटो सांभाळायचं काम केलं. हे वाक्य लिहायला मला बरीच वर्षं लागली, आणि आता लिहून बघते तर ते अगदीच साधं दिसतंय. फोटो काढायचं काम नाही, विकायचं नाही, बघायचंही फारसं नाही. सांभाळायचं. मी डेटाबेसवाली. कुठली फाइल कुठे आहे, तिच्यासाठी कोणी सही करून दिली आहे, शोधल्यावर ती झटकन सापडते की नाही, हे चोख ठेवणं एवढंच माझ्याकडे होतं. त्याआधी मी हेच एका विमा कंपनीसाठी करत होते आणि त्याच्याही आधी पुण्यात एका औषध कंपनीसाठी. माल बदलला, काम तेच राहिलं.

ते २००३ साल होतं. आम्ही कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला एका टाउनहाउसमध्ये भाड्यानं राहत होतो. आयटीतल्या नोकऱ्या धडाधड जात होत्या. शनिवारी कोणाकडे जेवायला गेलं की पाणी हातात यायच्या आधी "तुझं टिकलंय ना?" असं विचारलं जायचं. नवऱ्याचं टिकलं नव्हतं. मार्चमध्ये त्याची नोकरी गेली, आणि देश सोडावा लागू नये म्हणून त्यानं माझ्यावर अवलंबून असलेला व्हिसा घेतला. म्हणजे नोकरी मी करायची आणि तो घरी. त्याला कायद्यानंच काम करता येत नव्हतं. आमच्या ओळखीत हे सगळीकडे उलट होतं. त्यामुळे महाराष्ट्र मंडळातल्या बायका कौतुकानं त्याला पोळ्या जमतात का विचारायच्या, आणि घरी आल्यावर तो तासभर टीव्हीचे चॅनल बदलत बसायचा.

मग माझंही प्रोजेक्ट संपलं. मी एका कन्सल्टिंग कंपनीची माणूस होते. ही कंपनी आम्हाला भारतातून आणायची, आमचा व्हिसा स्वतःच्या नावावर ठेवायची आणि दुसऱ्या कंपन्यांत कामाला पाठवायची. काम नसेल तर बेंचवर बसायचं. बेंचवर फार दिवस गेले की व्हिसा धोक्यात, आणि आता त्या एका व्हिसावर आम्ही दोघं. तीन आठवड्यांनी आमच्या मालकाचा फोन आला. क्लायंट मीडियातला आहे, ऑफिस खाडीवरच्या ब्रिजच्या पलीकडे, उद्या दहाला इंटरव्ह्यू, आणि प्लीज नाही म्हणू नकोस.

इंटरव्ह्यू घेतला त्या कंपनीच्या मालकिणीनं. पन्नाशीची बाई, बारीक कापलेले पांढरे केस, गळ्यात दोरीनं अडकवलेला चष्मा. डेटाबेसचे प्रश्न तिनं नीट विचारले, उत्तरं नीट ऐकली. शेवटी म्हणाली, आम्ही काय करतो ते तुला माहीत आहे ना? आता इंटरव्ह्यूत 'माहीत नाही' म्हणायचं नसतं, हे आमच्या पिढीच्या इंजिनिअरांच्या हाडात मुरलेलं. येत असलं तरी हो, येत नसलं तरी हो, मागून शिकून घेऊ. मी हसून म्हणाले, अर्थात, तुमच्या डोमेनमध्ये मी खूप कम्फर्टेबल आहे. तिनं चष्मा डोळ्यांवर चढवला. घरी कोणाला विचारायचं आहे का, म्हणाली. यावर मात्र माझं डोकं फिरलं. बाई आहे म्हणून घरी विचारायचं? मी ताठ मानेनं सांगितलं की माझे निर्णय मीच घेते. तिनं चार पानांचा एक कागद पुढे केला आणि मी, आपण सगळे करतो तशी, शेवटच्या पानावरची रेघ शोधून सही केली.

त्या कागदात लिहिलं होतं की इथल्या मजकुराचं स्वरूप मला समजावून देण्यात आलं आहे आणि मी इथे स्वखुशीनं काम करत आहे. हे मी वाचलं सोमवारी, पहिला फोल्डर उघडून झाल्यावर.

त्या दिवशी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं तर तो आधी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. मग डोळे पुसून म्हणाला, सोडणार? मी म्हटलं, सोडून काय करणार? मग आम्ही आईंना काय सांगायचं यावर बोलत बसलो. फोटोंची लायब्ररी, असं ठरलं. रविवारच्या फोनवर त्यानं आपल्या आईला तसं सांगितलं आणि आपणहून पुढे जोडलं की निसर्गाचे वगैरे फोटो असतात. सासूबाई खूश. पुढे कित्येक महिने त्या मला एखादा छान डोंगराचा फोटो पाठव म्हणत राहिल्या.

खरं सांगायचं तर मी मनात काहीतरी वाईटसाईट ऑफिस धरलं होतं. लाल दिवे, गळ्यात साखळ्या घातलेले पुरुष, असलं काहीतरी. प्रत्यक्षात ते मी काम केलेल्या ऑफिसांतलं सगळ्यात शिस्तीचं ऑफिस होतं. विमा कंपनीतला माझा मॅनेजर माझ्याशी बोलताना माझ्या तोंडाकडे क्वचितच बघायचा. इथे असं कोणी केलं असतं तर दुपारपर्यंत त्याची खुर्ची रिकामी झाली असती. मालकीण बाई तरुणपणी स्वतः कॅमेऱ्यासमोर काम करायची आणि ते ती कोणालाही सांगायची, जशी एखादी बाई मी आधी शाळेत शिकवायचे असं सांगेल. त्या काळी हुकूम दुसरे द्यायचे, कमाई दुसरे न्यायचे, म्हणून तिनं स्वतःची कंपनी काढली. तिच्याकडे काम करायला आलेल्या मुलीसमोर ती स्वतः बसून करार वाचून दाखवायची, मुली अर्धवट ऐकत असल्या तरी. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. त्यामुळे या धंद्यातले सगळे राक्षस असतात, असं कोणी म्हणालं की मला मान हलवता येत नाही.

पण गिऱ्हाइकं आमच्या साइटच्या शोधखिडकीत काय टाइप करतात तेही मला रोज दिसायचं. माझ्या कामाचाच भाग होता तो. ते शब्द मी इथे लिहिणार नाही. त्यातले निम्मे शब्द कोणाला तरी इजा करण्याबद्दलचे होते आणि ते वाचून झाल्यावर मी वॉशरूममध्ये जाऊन कोपरापर्यंत हात धुवायची. त्यामुळे ही सगळी बाईची मुक्तीच आहे, असं कोणी म्हणालं की तेही मला गिळता येत नाही.

दर दोन-तीन महिन्यांनी मी आमच्या कन्सल्टिंगवाल्याला फोन करून दुसरं काही आहे का विचारायची. तो म्हणायचा, मार्केट डेड आहे, आणि तुला तिथे कोणी त्रास देतंय का? नाही? मग? या 'मग'पुढे माझं काही चालायचं नाही. त्रास कोणी देत नव्हतं. दार उघडं होतं, कोणी अडवत नव्हतं, आणि मी रोज सकाळी ब्रिज ओलांडून स्वतःच आत जात होते. माझी चिडचिड मग घरी निघायची, भाजीत मीठ कमी पडलं म्हणून.

२००५च्या फेब्रुवारीत आमच्याकडचा गिऱ्हाइकांच्या मेलना उत्तरं देणारा माणूस सोडून गेला आणि दुसरा मिळेपर्यंत ते मेल माझ्याकडे वळवले. बहुतेक मेल पासवर्ड विसरल्याचे. तिसऱ्या आठवड्यात एका बाईचा मेल आला. ती आमची गिऱ्हाईक नव्हती, आमच्या फोटोंतली होती. तिनं लिहिलं होतं की चार वर्षांपूर्वी मी तुमच्याकडे काम केलं. कोणी जबरदस्ती केली नव्हती, सगळे चांगले वागले, आणि मला तेव्हा ते आवडलंही होतं. आता मी नर्सिंग शिकते. ज्या वॉर्डात मला शिकायला पाठवतात तिथल्या एका पेशंटनं मला ओळखलं, आणि तुमच्या साइटवरच्या नावानं तो मला सगळ्यांसमोर हाका मारतो. मला केल्याची लाज वाटत नाही. पण मला आता ते थांबवायचं आहे. माझे फोटो काढून टाकाल का?

मी तो मेल छापून मालकिणीकडे नेला. तिनं दोनदा वाचला. चष्मा काढून डोळे चोळले. मग म्हणाली की करारातल्या नवव्या कलमाप्रमाणे फोटो कंपनीचे आहेत. एकीचे काढले की उद्या दहाजणी मागतील, मग आपण दुकान कशाचं चालवायचं? मला न विचारता एकही फोटो काढायचा नाही, आणि तिला नववं कलम लिहून पाठव. हे तिनं काही आनंदानं सांगितलं नाही. मी जागेवर आले आणि नववं कलम लिहून पाठवलं.

आठवड्यानं बाईचा दुसरा मेल आला, मग तिसरा. प्रत्येक वेळी आधीच्यापेक्षा छोटा. मी प्रत्येक वेळी तेच उत्तर पाठवलं. एकदा घरी जेवताना मी वैतागून म्हणाले, सही करायच्या आधी वाचलं नव्हतं का हिनं? नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. मग ताटात आमटी वाढून घेतली.

त्याच सुमाराला माझ्या व्हिसाची पहिली तीन वर्षं संपत आली. मुदत वाढवायची तर वकिलाला क्लायंटचं पत्र हवं होतं, की ही बाई आमच्याकडे काम करते आणि आम्हाला तिची गरज आहे. मी मजकूर तयार करून एप्रिलमध्ये मालकिणीच्या टेबलावर ठेवला. सहीचंच काम होतं. दोन आठवडे तो कागद तिच्या टेबलावर पडून होता. जाता-येता मला काचेतून दिसायचा. दोनदा आठवण केली. तिसऱ्यांदा गेले तेव्हा ती म्हणाली, हो हो, करते. बरं, गुरुवारी दुपारी तू मोकळी आहेस का?

गुरुवारी एका युनिव्हर्सिटीत वाद ठेवला होता. पॉर्नोग्राफी ही बाईचा अपमान की बाईची ताकद, असा विषय. मालकीण ताकदीच्या बाजूनं बोलणार होती आणि तिला सोबत एक इंजिनिअर बाई हवी होती. मॉडेल नेली तर लोक म्हणतात पढवून आणली, असं ती म्हणाली. तुला जे वाटतं तेच बोल.

तिची ती दोन वाक्यं मी नंतर कितीदा तरी उलटीपालटी करून पाहिली आहेत. पत्र आणि गुरुवार, मध्ये फक्त 'बरं'. अट तिनं कधीच घातली नाही. घातली असती तर मला निदान रागावता आलं असतं. तिच्या मनात तसं काही नव्हतंही कदाचित. पण मी त्या कागदाकडे बघितलं आणि म्हणाले, येते की.

हॉल भरलेला होता. एका बाजूला मालकीण आणि मी, दुसऱ्या बाजूला एक प्रोफेसर बाई आणि त्यांच्या हाताखालची एक विद्यार्थिनी. मी खुर्चीत बसते न बसते तोच समोर माइक घेऊन फिरणारी एक मुलगी दिसली. आमच्याच कॉम्प्लेक्समध्ये राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीची मुलगी. इथेच जन्मलेली, इथेच वाढलेली, मंडळाच्या गणपतीत माझ्याकडून साडी नेसून घेणारी. कार्यक्रम ठरवणाऱ्यांत ती होती. तिनं मला पाहिलं, डोळे विस्फारले आणि मग चक्क आनंदानं हात हलवला. मीही हलवला. दुसरं काय करणार?

प्रोफेसर बाई छान बोलल्या. बाईचं शरीर वस्तू होतं, तिच्या संमतीला काय अर्थ उरतो जेव्हा बाकीचे रस्ते बंद असतात, वगैरे. मला त्यातलं बरंच पटत होतं. पण बोलताना त्या मधूनमधून माझ्याकडे बघत होत्या, आणि त्या नजरेत अशी काही कणव होती की मला त्यांना एकही गोष्ट मान्य करायची नव्हती. मग मालकीण बोलली. माझं शरीर, माझा कॅमेरा, माझी कंपनी, आणि मला लाज वाटावी हा हट्ट तुमचा, माझा नाही. टाळ्या पडल्या. तिचंही मला पटत होतं. पटण्यात मी फार उदार होते त्या दिवशी, कारण माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती, की उद्या शुक्रवार आणि वकील सोमवारपर्यंतच थांबणार.

माझी पाळी आली. मी म्हणाले की मी इंजिनिअर आहे, मी इथे स्वखुशीनं काम करते, आणि या ऑफिसात बाई म्हणून मला जेवढा मान मिळाला तेवढा आधीच्या कुठल्याच ऑफिसात मिळाला नाही. तिन्ही वाक्यं खरी होती, किंवा खरी असल्याचे कागद होते. प्रोफेसर बाईंनी अगदी हळू आवाजात विचारलं, तुम्हाला विचारू का, तुमचा व्हिसा या कंपनीवर अवलंबून आहे का? नेमकं दुखतं तिथेच त्यांनी बोट ठेवलं होतं, तेही मदत करायला म्हणून. मला भयंकर संताप आला. पूर्वेकडून आणलेली बिचारी बाई, असं त्यांनी मनात धरलं होतं ते मला स्पष्ट दिसत होतं. मी म्हणाले, नाही, माझा व्हिसा दुसऱ्या कंपनीचा आहे. हेही खरंच. त्यांनी माफी मागितली.

मग श्रोत्यांचे प्रश्न. मैत्रिणीच्या मुलीनं माइक स्वतःकडे ठेवला आणि पहिला प्रश्न तिनंच विचारला. ती आमच्या बाजूची होती, तिच्या आवाजावरून कळत होतं. आम्हाला सोपा प्रश्न द्यावा असा तिचा हेतू होता. समजा एखाद्या बाईचं नंतर मन बदललं, तर तिचे फोटो काढता येतात का? तसं असेल तर मग ती सर्वस्वी तिचीच निवड झाली ना?

मालकिणीनं माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, हा टेक्निकल प्रश्न आहे, ही सांगेल. आणि माइक माझ्याकडे सरकवला.

त्या सभागृहात या प्रश्नाचं उत्तर माहीत असलेल्या दोनच बायका होत्या आणि दोघी एकाच टेबलाशी बसल्या होत्या. ज्या तिसरीला ते विचारायला हवं होतं ती कुठल्या तरी वॉर्डात होती. मी म्हणाले, "हो, काढता येतात. एका मिनिटाच्या आत."

टाळ्या झाल्या. प्रोफेसर बाईंनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. मालकीण पाणी प्यायली.

बाहेर पार्किंगमध्ये ती मुलगी धावत माझ्या मागे आली आणि तिनं मला मिठी मारली. "मावशी, यू वेअर सो ब्रेव्ह. आईला माहितीये, तू यांच्याकडे काम करते?" मी म्हटलं, नाही, आणि तू प्लीज सांगू नकोस, मी सांगेन. तिला काही केल्या कळेना. "बट व्हाय? इफ इट्स युअर चॉइस, का लपवायचं?" मी गाडीची किल्ली शोधायला लागले. ती हातातच होती. मी सांगितलं की उशीर झाला, ट्रॅफिक लागेल. ती बरं म्हणाली, पण मघाची चमक तिच्या चेहऱ्यावर राहिली नव्हती.

शुक्रवारी सकाळी मी यायच्या आधीच पत्र माझ्या टेबलावर होतं. सही केलेलं, आणि माझ्या मजकुराखाली मालकिणीनं स्वतःच्या अक्षरात एक ओळ वाढवली होती, की ही आमच्या कंपनीचं भूषण आहे. मी ते वकिलाला कुरिअर केलं. घरी येताना गोड म्हणून श्रीखंड घेतलं आणि दोघांनी पोटभर खाल्लं.

पुढच्या आठवड्यात त्या नर्सिंग शिकणाऱ्या बाईचा मेल आला. वादाची बातमी युनिव्हर्सिटीच्या विद्यार्थ्यांच्या पेपरात आली होती आणि ती त्यांच्या साइटवरही होती. कंपनीचं नाव, मालकिणीचं नाव, आणि 'कंपनीची एक इंजिनिअर' म्हणून मी. बाईनं ती कुठून तरी वाचली होती. मेलमध्ये एवढंच होतं: "तुमच्या इंजिनिअर म्हणाल्या की एक मिनिट लागतं. मला ते एक मिनिट द्याल का?"

मी तो मेल उघडा ठेवून दिवसभर दुसरी कामं केली. मग पुढचे दोन दिवसही. शनिवारी दुपारी नवरा ओट्याशी फरसबी निवडत होता, तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. प्रश्न, उत्तर, टाळ्या, मेल. तो मान वर न करता ऐकत होता.

"काढून टाक ना," तो म्हणाला.

"मालकिणीला कळेल."

"कसं?"

"लॉगमध्ये येतं. कोणी, कधी, काय डिलीट केलं ते."

"लॉग कोण वाचतं?"

तोही आमच्याच धंद्यातला. त्याला माहीत होतं. मी म्हणाले, "मी."

त्यानं सुरी खाली ठेवली. "आणि कळलंच, तर जाऊ यार परत. मी आजच बॅगा काढतो माळ्यावरनं. मला इथे तुझ्याशिवाय कोणी धरून ठेवलंय?"

मी त्याच्यावर ओरडले. तुझं काय जातं बोलायला, तुला कुठे रोज ब्रिज ओलांडायचाय, इथपासून ते तुझ्यामुळेच मी अडकले इथपर्यंत सगळं बोलले. त्यानं दोन शेंगांच्या शिरा काढल्या. मग शांतपणे म्हणाला, "मी अडकवलं म्हणतेस ना, मग मी सोडवलं. बोल, जायचं?"

मला जायचं नव्हतं. ते मला त्या क्षणी कळलं. वर्ष-दीड वर्ष मी स्वतःला सांगत आले होते की माझा नाइलाज आहे, व्हिसा आहे, हा घरी आहे, मार्केट डेड आहे. आणि आता ज्याच्यासाठी नाइलाज तोच मोकळं करत होता, लॉग वाचणारी मीच होते, पत्र वकिलाकडे पोचलेलं होतं. अडवणारं कोणी राहिलंच नव्हतं. मी कुकर लावायला उठले. त्यानं उरलेली फरसबी निवडली.

सोमवारी ऑफिसात जाऊन मी तिचं रेकॉर्ड उघडलं. करारावरची सही बघितली. शेवटच्या पानावर, रेघेवर, घाईत केलेली. डिलीटची कमांड टाइप केली आणि की-बोर्डवरनं हात काढून मांडीवर ठेवले. भीती होतीच, नाही म्हणत नाही. पण भीतीपेक्षा दुसरं काहीतरी जास्त होतं आणि ते सांगायला मला आजही बरं वाटत नाही. ती वेगळी आणि मी वेगळी, हे मला हवं होतं. तिनं कपडे काढले होते, मी फक्त डेटाबेस सांभाळत होते. तिनं न वाचता सही केली ती तिची चूक, मी केली तो माझा नाइलाज. तिचे फोटो काढून टाकले तर आम्ही दोघी एकाच कागदावर सही केलेल्या बायका आहोत, हे कबूल केल्यासारखं झालं असतं. त्या प्रोफेसर बाईंच्या नजरेतली कणव मी झटकली होती, ती मग मला ठेवून घ्यावी लागली असती. प्राध्यापकांचे वाद, मालकिणीची भाषणं, अपमान की ताकद, यातलं मला काही ठरवायचं नव्हतं. ती बाई एवढंच म्हणत होती की आता बास. ते मला नीट समजलं होतं.

मी कमांड पुसली. नववं कलम पुन्हा एकदा चिकटवलं, आपल्या सहकार्याबद्दल आभार लिहिले, खाली 'ग्राहक सेवा टीम' लिहिलं आणि पाठवून दिलं. टीममध्ये मी एकटीच होते.

दहा मिनिटांत उत्तर आलं. तिनं ना शिव्या दिल्या होत्या ना विनवण्या केल्या होत्या. एकच ओळ होती: "स्टेजवरच्या त्या इंजिनिअर तुम्हीच का?"

हो म्हणायला मला मालकिणीची परवानगी लागत नव्हती, वकिलाची लागत नव्हती, कुठल्या पत्राची लागत नव्हती. मी बराच वेळ ती ओळ वाचत बसले, आणि उत्तर दिलं नाही.